एकशे आठ कोटींचा कप्पा

सोमवार, दुपार

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. वाकून केला असं समज. प्रत्यक्षात माझ्या खुर्चीला चाकं आहेत आणि वाकलं की ती मागे पळते, त्यामुळे बसल्या जागीच केला. तुझा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली उशाशी ठेवून नुसतंच "घातले" म्हणतेस? गुडघा काय म्हणतो? बाबा सांगत होते, डॉक्टरांनी महिनाभर वाचायला आणि स्क्रीनकडे बघायला बंदी केली आहे. म्हणून हे पत्र कागदावर लिहितेय, आणि शेजारच्या काकू ते तुला वाचून दाखवतील असं धरून चाललेय. (काकू, नमस्कार. माझं अक्षर आत्यासारखं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कंसातला मजकूर बहुतेक तुमच्यासाठीच आहे. आत्याला ह्यातलं सगळं माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे, पण तुम्हाला काही कळलं नाही तर वाचताना कंटाळा येईल, आणि मग तुम्ही पानं गाळाल.) पत्राचा हेतू तुझ्या प्रकृतीची विचारपूस एवढाच आहे. दुसरं काही काम नाही. पण कागद घेतलाच आहे, तर इकडची हकिगतही सांगून टाकते.

तुला माहीतच आहे, माझं प्रोबेशन ह्या महिन्याच्या तीस तारखेला संपतं. तुझ्या शब्दावर मला इथे, तुझ्याच जुन्या कचेरीत, घेतलं, आणि सहा महिन्यांत एकच काम दिलं : नमुन्यांची पेटी चालती करायची. (काकू, प्रयोगशाळेतले नमुने गाडीतून न्यायला थंड पेटी लागते. आत कायम उणे पाच अंश राहिले पाहिजेत.) पेटी चालली तर मी कायम, नाहीतर तीस तारखेला डबा आणि पाण्याची बाटली उचलून घरी. घरी जायचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख असं की इथे मला अजून कोणी नावाने हाक मारत नाही. दारावरच्या पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी मी "बाईंची भाची". माझ्या ओळखपत्रावरचं नाव आजवर फक्त लिफ्टजवळच्या यंत्राने वाचलं आहे. निदान एक तरी काम असं करावं की लोकांनी ते माझ्या नावाने ओळखावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि पेटी काही ते करू देईना.

पेटीची तक्रार अशी. सुरू केली की ती सगळा जोर लावून गार होत जायची, उणे पाचावर पोचायची, आणि पोचल्याबरोबर बंद पडायची. उणे चारला ठणठणीत, उणे पाचला गप्प. आम्ही कॉम्प्रेसर दोनदा बदलला. दाराचं रबर तीनदा बदललं. साहेबांना विजेचा संशय आला म्हणून अख्ख्या मजल्याची वायरिंग तपासली. पेटीचा दोष काही सापडला नाही, पण दोन वर्षं बंद असलेला जिन्यातला दिवा लागला. साहेब त्यावरच इतके खूश झाले की आठवडाभर पेटीचं नाव काढलं नाही त्यांनी, आणि मीही आठवण करून दिली नाही.

शेवटी मी डिबगर घेऊन बसले. (काकू, डिबगर म्हणजे चालू यंत्राला मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायची सोय. प्रोसेसरच्या पोटात रजिस्टर नावाचे छोटे छोटे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात नुसते शून्य आणि एक मांडून ठेवलेले असतात. त्यांचा मिळून होणारा आकडा साधा आहे, उणे आहे, की दशांश चिन्हाचा आहे, हे कप्प्याला स्वतःला कळत नाही. ते बाहेरून सांगावं लागतं. त्यासाठी प्रोसेसर बनवणारे एक यादी देतात : हा कप्पा साध्या आकड्याचा, हा उण्या-अधिकाचा, हा दशांशाचा.) ही यादी आमच्या डिबगरला दिलेली आहे. तो ती उघडतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इमानाने वाचतो, मग बाजूला ठेवतो आणि सगळे कप्पे सरसकट साधे पूर्ण आकडे धरून दाखवतो. तुझ्या भावाला सामानाची यादी देऊन बाजारात पाठवलं की जे होतं, तेच.

त्यामुळे जिथे उणे पाच आहे तिथे डिबगर ६५५३१ दाखवतो. ह्याबद्दल इथे कोणाची काही तक्रारच नव्हती, ह्याचं मला खरं नवल वाटलं. चाचणी विभागातल्या मोजणीकाकांनी भिंतीवर एक तक्ता टाचून ठेवलाय : "थंडीच्या चाचणीत दिसेल त्या आकड्यातून ६५५३६ वजा करणे." नवीन माणूस आला की त्याला आधी तो तक्ता दाखवतात, पाणी कुठे मिळतं ते नंतर. गेली तीन वर्षं, म्हणजे थंड पेट्या बनवायला लागल्यापासून, सगळा मजला दिवसभर मनातल्या मनात वजाबाक्या करतो आहे. दुसऱ्या एका कप्प्याला तर तक्ताही नव्हता. तिथे १०८,४२,२७,५८४ असा आकडा दिसायचा. एकशे आठ कोटी बेचाळीस लाख सत्तावीस हजार पाचशे चौऱ्याऐंशी. सगळे म्हणायचे, तो कचरा आहे, तिकडे बघू नकोस. मी साडेपाच महिने रोज तो आकडा बघितला आणि रोज त्याच्याकडे काणाडोळा केला. आता तो मला माझ्या फोन नंबरापेक्षा चांगला पाठ आहे.

मग मी डिबगरचाच प्रोग्राम उघडून वाचायला घेतला आणि चौथ्या दिवशी ती ओळ सापडली. एकच ओळ. प्रकार काहीही असो, कप्पा साध्या पूर्ण आकड्याचा समजावा. बस. आत्या, ज्याने कोणी हे लिहिलं तो गाढव असला पाहिजे. (काकू, हा शब्द हळू वाचलात तरी चालेल, पण गाळू नका.) पाच वाजले म्हणून हाताला येईल ते लिहून बस पकडायला पळालेला, कामचुकार, डोक्याला अजिबात ताण न देणारा असा कोणीतरी माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याच्या हातात डबासुद्धा दिसला मला. तुझ्या हाताखाली असता तर तू त्याला दिवसभर उभा केला असतास. तू असताना ही ओळ तुझ्या नजरेतून सुटली कशी, हेच मला कळत नाही.

मी लगेच कामाला लागले. (डिबगरची तात्पुरती प्रत सगळा मजला वापरतो, आणि तीत कोणालाही काहीही करून बघायची मुभा आहे. कायमच्या प्रतीचं वेगळं.) पहिल्या फेरीत माझ्या अंगात उत्साह फार होता. मी ती ओळ खोडली आणि सगळेच कप्पे उण्या-अधिकाचे करून टाकले. पेटीत ताबडतोब उणे पाच दिसायला लागले आणि मी खुर्चीतून उठून स्वतःलाच टाळी दिली. अर्ध्या तासाने दुरुस्ती विभागातून निरोप आला. तिथे मावशी जुने वजनकाटे दुरुस्त करतात, तू त्यांना ओळखतेस, आणि काटा नीट झाला की नाही हे बघायला त्या स्वतःच त्यावर उभ्या राहतात. (साठ किलो. ह्या मजल्यावर हे गुपित नाही, ते प्रमाण आहे.) त्या दिवशी काट्याच्या पोटात डिबगरने त्यांचं वजन उणे पाच किलो पाचशे छत्तीस ग्रॅम दाखवलं. मावशी उतरल्या, पुन्हा चढल्या, चपला काढून चढल्या. मी धापा टाकत पोचले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढ्यात बदलू नकोस. संध्याकाळी मुलगा न्यायला येतो, त्याला दाखवते आणि मग बदल."

दुसऱ्या फेरीत मी शहाण्यासारखी वागले. यादी नुसती वाचायची नाही, तर पाळायची, असं डिबगरला शिकवलं. साधा कप्पा साधा, उणा तो उणा, दशांशाचा तो दशांशाचा. मावशींचं वजन साठ किलोवर आलं (त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत), पेटीत उणे पाच दिसलं, आणि मी निश्चिंत मनाने चहा प्यायला गेले. परत येते तो पेटीच्या दारावर साहेबांच्या हातची पाटी : "कोणीही उघडू नये." झालं होतं असं की मोजणीकाकांनी नेहमीप्रमाणे चाचणी घेतली, डिबगरने त्यांना सरळ सरळ उणे पाच दाखवलं, आणि काकांनी हाताच्या सवयीने त्यातून पासष्ट हजार पाचशे छत्तीस वजा करून वहीत लिहिलं : पेटीचं तापमान उणे पासष्ट हजार पाचशे एक्केचाळीस अंश. खाली सही, वेळ, सगळं व्यवस्थित. उणे दोनशे त्र्याहत्तरच्या खाली विश्वात कुठेच काही जात नाही, हे काकांना ठाऊक नाही असं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मोजणं माझं काम. पटणं-न पटणं साहेबांकडे." मी तक्ता काढायला गेले तर त्यांनी काढू दिला नाही. स्वतः उठले, हलक्या हाताने सोडवला, उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं : "थंडीच्या चाचणीत आकड्यातून काहीही वजा करू नये." आणि त्याच चार टाचण्यांनी त्याच जागी लावला.

मग आम्ही दोघांनी मिळून पेटी पुन्हा चालवली, आणि पहिल्यांदाच त्या कचऱ्याच्या कप्प्याकडे नीट बघितलं. यादीत तो दशांशाचा होता. एकशे आठ कोटी गेले आणि तिथे दिसलं ५.०. आत्या, तो पेटीला हवं असलेलं तापमान ठेवायचा कप्पा आहे. गार करणाऱ्या भागाला सांगितलेलं उणे पाच, आणि त्याच्यावर राखण करणाऱ्या भागाला सांगून ठेवलेलं अधिक पाच. बिचारी जोर लावून उणे पाचापर्यंत जायची, मग राखण करणारा भाग जागा व्हायचा, बघायचा की हवंय त्यापेक्षा दहा अंश जास्तच गार झालंय, आणि सगळं बंद करून ऊन पडायची वाट बघत बसायचा. पेटी पहिल्या दिवसापासून सांगितलेलं ऐकत होती. उणे चिन्ह टाकायला विसरलं कोण, हे शोधायला वेळ लागला नाही. ते आकडे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीच भरले होते. (काकू, इथे आत्याला हसू आलं तर थोडं थांबा, पुढे वाचायची घाई करू नका.) चिन्ह टाकलं. पेटी शुक्रवारपासून चालू आहे, आज चौथा दिवस, आणि मी सकाळी आल्याबरोबर पहिल्यांदा तिच्या दारावर हात ठेवून घरघर ऐकते आणि मगच पर्स खाली ठेवते.

साहेबांनी बोलावलंय. बहुतेक शाबासकी असावी. येते आणि मग पुढचं लिहिते.

गुरुवार, सकाळ

आत्या, वरची पानं फाडून टाकावीत असा विचार मी तीन दिवस केला. फाडली नाहीत, कारण लिहिलेलं गुपचूप खोडायचं नाही हा तुझाच नियम, आणि ह्या मजल्यावर तो अजून "बाईंचा नियम" म्हणूनच चालतो.

शाबासकी अर्धी मिळाली. साहेब म्हणाले, पेटी चालली हे उत्तम, पण ती बंद का पडत होती हे दाखवणारा डिबगर जोवर कायमच्या प्रतीत जात नाही, तोवर काम पुरं झालं असं मी लिहिणार नाही. नाहीतर पुढच्या पेटीला पुन्हा हेच. बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, लगेच घालते. तेव्हा त्यांनी नियमाचा कागद पुढे केला : कोणाचीही ओळ बदलायची तर ती लिहिणाऱ्याला शेजारच्या खुर्चीत बसवून बदल मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने तो ऐकून सही करायची, मगच बदल कायमचा. मी म्हटलं, चालेल की, मला त्या माणसाला एकदा भेटायचंच आहे. साहेबांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं, कपाटातून बदलांची जुनी वही काढली आणि बावीस वर्षांपूर्वीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. नाव वाचायची गरज पडली नाही. त्या अक्षरात मला दर वाढदिवसाला पत्र आलंय.

तुझी नोंद जशीच्या तशी उतरवते : "दुकानांसाठी वजनकाटे. वजन शून्याखाली जात नाही. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी कप्प्यांच्या प्रकारांची यादी अजून दिलेली नाही, म्हणून सगळे कप्पे साधे समजले आहेत. शून्याखाली जाणारं काही आपण कधी बनवलं, तर ही ओळ आधी बदलावी." मी ते तिथेच उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. (तुझा विषय निघाला की ते अजूनही खुर्चीतून उठून उभे राहतात.) तू सांगून ठेवलं होतंस, आत्या. आम्ही तीन वर्षं उणे तापमानाच्या पेट्या बनवतोय, भिंतीवर तक्ते लावतोय, सगळा मजला वजाबाक्या करतोय, पण कपाट उघडून दोन ओळी वाचाव्यात असं एकालाही वाटलं नाही. मला फार लाज वाटली. सोमवारी लिहिलेला तो शब्द मी परत घेते आणि ह्या मजल्यावर सगळ्यांत वाटून टाकते. सगळ्यात मोठा वाटा माझा, त्या उणे चिन्हाबद्दल. डबा घेऊन बसमागे पळणारा माणूसही मी मागे घेते.

आणि एक. निरोपाच्या दिवशी तू बाबांना म्हणाली होतीस की तिथे आता माझं काही उरलेलं नाही, सगळं नवीन आलंय. त्यानंतर तीन वर्षांत तू इथे पाऊल टाकलेलं नाहीस. गुडघ्याचं निमित्त सांगतेस, आणि आम्ही ते खरं मानल्यासारखं करतो. तर ऐक. तुझी ओळ मी काढलेली नाही. पहिल्या फेरीत काढली होती, मावशींचं वजन काय झालं ते वर लिहिलंच आहे. आता ती खाली नेली आहे. यादीत ज्या कप्प्याचा प्रकार दिलेला आहे त्याचं यादीप्रमाणे; ज्याच्याबद्दल कोणी काहीच सांगितलेलं नाही, तिथे तुझी ओळ. जुन्या वजनकाट्यांना आजही यादी नाही. मावशींच्या टेबलावर गेल्या महिन्यात एकोणीस काटे आले, आणि सगळे तुझ्या ओळीवर चालले.

तेव्हा नियमाप्रमाणे तुला यावं लागणार. सत्तावीस तारीख, सकाळी दहा. साहेब गाडी पाठवतो म्हणतात. तीनदा म्हणाले, पण तुला फोन करायचं धाडस त्यांना होत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे. लिफ्ट चालू आहे, मी स्वतः चार वेळा वर-खाली करून पाहिलं. डोळ्यांची सबब चालणार नाही, कारण तुला स्क्रीनकडे बघायचंच नाही. मी वाचणार, तू ऐकायचं, आणि नियमात तू स्वतः "ऐकून" असाच शब्द घातला आहेस. मधे थांबवून प्रश्न विचार. चुकलं असेल तिथे चुकलं म्हण. आणि पटलं नाही तर सही करू नकोस, भाची आहे म्हणून तर मुळीच करू नकोस. मला तीस तारखेनंतर इथे राहायचंय, फार राहायचंय, पण तुझ्या कानाखालून गेलेल्या कामावर राहायचंय, तुझ्या शब्दावर नाही.

मोजणीकाकांनी आणि मावशींनी नमस्कार सांगितलाय. थेंब घाल. जास्त वेळ उभी राहू नकोस.

तुझी,
बाईंची भाची
(ओळखपत्रावर वेगळं नाव आहे)

ता. क. १ : पत्राचा हेतू फक्त विचारपूस आहे असं मी पहिल्या पानावर लिहिलंय. ते वाक्य सोमवारचं आहे आणि सोमवारी ते जवळजवळ खरं होतं.

ता. क. २ : काकू, हे फक्त तुमच्यासाठी. "गाढव" ऐकल्यावर आत्याचा चेहरा कसा झाला ते मला कळवा. आणि सव्वीसला रात्री तिची चांगली चप्पल दाराजवळ काढून ठेवा, म्हणजे सकाळी सापडत नाही असं म्हणता येणार नाही.

ता. क. ३ : आत्या, हे लिहू की नको असा विचार करत पाकीट दोनदा बंद केलं आणि दोनदा उघडलं. तू गेल्यानंतर साहेबांनी तुझ्या नियमाखाली एक वाक्य जोडलंय, ते तुला माहीत नसणार : ओळ लिहिणारी व्यक्ती बाहेरगावी असल्यास बदलाची प्रत आणि फॉर्म पोस्टाने पाठवून सही मागवावी. म्हणजे तू यायलाच हवंस असं काही नाही. आज फॉर्म पाठवला तर तुझी सही आठ दिवसांत परत येईल आणि माझी नोकरी तीस तारखेच्या कितीतरी आधी पक्की होईल. साहेबांनी तो मला सोमवारीच दिला. माझ्या खणात आहे. पाकिटात टाकायला मी विसरलेले नाही.